स्वतःच्या नावाचा केस पेपर

"मॅडम, माझा एक पेशंट आहे. वय पस्तीस. तीन महिने धड झोप नाही, भूक मेली आहे, सकाळी उठूच नये असं वाटतं त्याला. एस्सिटॅलोप्राम दहा मिलिग्रॅम चालू केलंय. वीस करू का?"

असा फोन आला की मी लगेच डोस सांगत नाही. पेशंट काय काम करतो, सध्या कामावर जातो का, एवढंच विचारते. उत्तर यायला वेळ लागतो. कधी "हो, ओपीडी चालूच आहे ना" असं पटकन तोंडून निघून जातं. कधी फोन बंद होतो आणि आठवडाभराने पुन्हा वाजतो. जिल्ह्याच्या गावी मानसोपचाराची प्रॅक्टिस करताना सर्जन, बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, तालुक्याचे जनरल प्रॅक्टिशनर, मेडिकल कॉलेजातले रेसिडेंट अशा अनेकांनी मला या 'पेशंट'बद्दल विचारलं आहे. इथे मी जे लिहिते आहे त्यातले तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत, काही ठिकाणी दोघातिघांचे अनुभव एकत्र केले आहेत.

मानसिक आजाराबद्दलचा कलंक अज्ञानातून येतो असं आपण धरून चालतो. माहिती पोचली की लाज जाईल, या विश्वासावर आम्ही गावोगाव व्याख्यानं देतो, आणि सामान्य माणसाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही ठरतं. डॉक्टरला मात्र माहिती कमी नसते. डिप्रेशनची लक्षणं त्याला पाठ असतात. तरीही तो इतर कुणाहीपेक्षा उशिरा येतो, आणि येतो तेव्हा बहुधा स्वतःचं औषध स्वतःच सुरू करून, वाढवून, मध्येच बंद करून झालेलं असतं. माझं स्पष्ट मत आहे की डॉक्टरांमधला हा कलंक आमच्या शिक्षणाने घडवलेला आहे, आणि उपचारापर्यंत जाण्याची वाट आम्ही जशी ठेवली आहे तिने तो टिकवला आहे. 'संकोच सोडा, मोकळं बोला' एवढं सांगून तो जाणार नाही.

एमबीबीएसमध्ये मानसोपचाराचा स्वतंत्र पेपर नसतो. मेडिसिनच्या परीक्षेत त्याचे थोडेफार प्रश्न येतात, वॉर्डातली पोस्टिंग काही आठवड्यांची, तीही बरेच जण इतर विषयांचा अभ्यास उरकण्यासाठी वापरतात. पण विद्यार्थी मानसिक आजाराबद्दल खरं शिकतो ते इतर वॉर्डांत. छातीत धडधड होते म्हणून आलेल्या बाईचा ईसीजी नॉर्मल, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. राउंड घेणारे सर म्हणतात, "काही नाही, फंक्शनल आहे, सायकॅट्रीला पाठवून द्या." आणि युनिट पुढच्या कॉटकडे वळतं. त्या एका वाक्यातून विशीतला मुलगा शिकतो की रिपोर्टात दिसतो तो आजार खरा. उरलेला आजार म्हणजे वेळेचा अपव्यय. पुढे दहा वर्षांनी स्वतःच्या छातीत तशीच धडधड सुरू होते तेव्हा तो आधी ईसीजी काढतो, मग टू-डी इको, मग थायरॉइड. सगळं नॉर्मल आलं की त्याला हायसं वाटत नाही, कारण आता एकच निदान उरतं आणि त्या निदानाच्या पेशंटकडे पाहून आपण काय म्हणत होतो हे त्याला आठवतं.

मग रेसिडेन्सी. भूक, झोप, लघवी, रडू, सगळं दाबून काम करण्याची सवय तिथे लागते. ती सवय मुळात वाईट नाही. हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबताना डॉक्टरचा हात थरथरून चालत नाही, आणि बाळ दगावल्यावर पुढच्या पाच मिनिटांत दुसऱ्या बाईची प्रसूती करायची असते. पण ड्यूटी संपल्यावर ते दाबलेलं कुठे उतरवून ठेवायचं हे कुणी शिकवत नाही. मृत्यू झाला की कागद भरायचे, नातेवाइकांना सांगायचं, पुढचा पेशंट. ज्याला हे जमत नाही तो 'वीक'. वॉर्डात हा शब्द ज्याच्या नावाला चिकटला त्याचा तो फायनलपर्यंत सुटत नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृती दलाचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यासाठी केलेल्या ऑनलाइन पाहणीत २५ हजारांहून अधिक एमबीबीएसचे आणि ५ हजारांहून अधिक पदव्युत्तर विद्यार्थी सहभागी झाले होते. आपल्याला मानसिक आजाराचं निदान झालेलं आहे असं एमबीबीएसच्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं. पदव्युत्तरांमध्ये हे प्रमाण १५.३ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्मं. वाचणाऱ्याला वाटेल, वय वाढलं तशी मुलं सावरली. पण त्याच पाहणीत, गेल्या वर्षभरात स्वतःला इजा करण्याचे किंवा आत्महत्येचे विचार मनात आले असं एमबीबीएसच्या १६.२ टक्क्यांनी सांगितलं, आणि पदव्युत्तरांपैकी ३१ टक्क्यांहून अधिक जणांनी. त्रास दुप्पट, निदान निम्मं! पाहणी ऐच्छिक होती, त्यामुळे हे आकडे सगळ्या विद्यार्थ्यांना जसेच्या तसे लावू नयेत. तरी ते असे उलट्या दिशांना जातात याचा मला लागणारा अर्थ असा, की डॉक्टर जसजसा वर चढतो तसतसा तो मदतीपासून लांब जातो. माहितीच्या अधिकारात आयोगानेच दिलेल्या आकडेवारीत पाच वर्षांत १२२ वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, ६४ एमबीबीएसचे आणि ५८ पदव्युत्तर. पदव्युत्तर विद्यार्थी संख्येने मुळात कमी असतात, हे लक्षात घेऊन हे दोन आकडे वाचावेत.

डॉक्टर मदतीपासून लांब जातो याची कारणं अगदी व्यवहारातली आहेत. रेसिडेंटला हक्काची मानसोपचाराची ओपीडी म्हणजे त्याच्याच हॉस्पिटलची. तिथे केस पेपर काढणारा क्लार्क त्याला ओळखतो, रांगेत त्याने काल तपासलेले पेशंट बसलेले असतात, तपासणारा त्याच्याच होस्टेलवर राहणारा असतो. आणि विभागाचे प्रमुख दुपारी त्याच्या एचओडींबरोबर चहा घेतात. थिसिसवर सही, परीक्षेला बसण्याची परवानगी, पुढच्या नोकरीसाठी लागणारं पत्र, हे सगळं ज्यांच्या हातात आहे त्यांच्यापासून चार पावलांवर तो आपलं मन उघडं करणार कसं? घरी सांगावं तर वडिलांनी फीसाठी कर्ज काढलेलं, गावात प्रवेश मिळाला तेव्हा चौकात फ्लेक्स लागलेला. मुलगी असेल तर त्यात स्थळांचा विषय. एका रेसिडेंट मुलीच्या आईने मला हात जोडून विचारलं होतं, "गोळ्या लिहून द्या, पण कागदावर तिचं नाव नको. पुढे कोणी काढलं तर?" मुलगी स्वतः एमडी करत होती आणि आईच्या शेजारी खाली मान घालून बसली होती.

छोट्या गावातल्या प्रस्थापित डॉक्टरची अडचण वेगळी. खाली हॉस्पिटल, वर घर. गावात मानसोपचारतज्ज्ञ असलाच तर एखादा, आणि तो आयएमएच्या शाखेत रोजच्या उठण्याबसण्यातला. औषध घ्यायचं तर ते स्वतःच्याच हॉस्पिटलच्या मेडिकलमधून, जिथला मुलगा कुठली पट्टी कुणी नेली ते बघतो. म्हणून मग औषध कंपनीच्या एमआरने ठेवलेली सॅम्पल उपयोगी पडतात. झोपेसाठी क्लोनाझेपाम अर्धी, मग एक, मग दोन. भूलतज्ज्ञांच्या आणि ऑपरेशन थिएटरमध्ये वावरणाऱ्यांच्या बाबतीत गोष्ट याहून धोक्याची होते, कारण तीव्र वेदनाशामक इंजेक्शनं हाताशी असतात. पेंटाझोसिनच्या आहारी गेलेले डॉक्टर मी पाहिले आहेत. त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात मौजेखातर झाली नव्हती. पाठ दुखत होती, झोप होत नव्हती आणि उद्या सकाळी आठची लिस्ट होती.

या प्रश्नाला ज्या देशांनी हात घातला त्यांतल्या काहींनीही तो एखाद्या मृत्यूनंतरच घातला. दक्षा एम्सन ही लंडनमध्ये मानसोपचाराचं प्रशिक्षण घेणारी भारतीय वंशाची डॉक्टर. अतिशय हुशार. विद्यार्थिदशेपासून तिला बायपोलर आजार होता, आणि उपचार घेत घेत ती या विषयात आली होती. आपला आजार सहकाऱ्यांना कळू नये म्हणून ती जपत राहिली. गर्भारपणासाठी तिने औषधं थांबवली होती. ऑक्टोबर २००० मध्ये, बाळंतपणानंतर उसळलेल्या आजारात तिची तीन महिन्यांची मुलगी आणि ती स्वतः, दोघींचा अंत झाला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र चौकशीच्या अहवालाने आरोग्यसेवेतल्याच कलंकावर बोट ठेवलं, आणि आणखी एका गोष्टीवर: ती डॉक्टरही होती आणि पेशंटही, आणि ही सीमा पुसट झाल्यामुळे तिच्यावरच्या उपचारांत उणिवा राहिल्या. ही दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, तिच्याकडे मी परत येणार आहे. या अहवालानंतरच्या हालचालींतून २००८ मध्ये लंडनमध्ये केवळ डॉक्टर आणि दंतवैद्यांसाठी एक गोपनीय सेवा सुरू झाली. डॉक्टरने स्वतः फोन करायचा, कुणाची चिठ्ठी लागत नाही, आणि कामाच्या ठिकाणाशी तिचा संबंध नाही. पुढे ती सगळ्या इंग्लंडभर पसरली. बार्सिलोनात अशी सेवा १९९८ पासूनच आहे. न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलमध्ये आपत्कालीन विभागाची प्रमुख असलेल्या लॉर्ना ब्रीनने कोविडच्या पहिल्या लाटेत, एप्रिल २०२० मध्ये, आत्महत्या केली. उपचार घेतल्याचं कळलं तर आपला परवाना जाईल ही भीती तिला होती, असं तिच्या कुटुंबाने सांगितलं. ती भीती अगदीच निराधार नव्हती. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत परवान्याच्या अर्जातच मानसिक आजाराबद्दल प्रश्न असत. तिच्या नावाने २०२२ मध्ये तिथे कायदा झाला आणि अनेक राज्यांनी ते प्रश्न काढले किंवा बदलले.

आपल्याकडे कायदा, खरं तर, डॉक्टरच्या बाजूने उभा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचारांची माहिती गुप्त ठेवणं हा प्रत्येक पेशंटचा हक्क आहे, आणि डॉक्टर त्याला अपवाद नाही. पूर्वी कधी उपचार घेतले किंवा भरती झालात एवढ्यावरून आज तुम्ही आजारी आहात असं ठरवता येत नाही, आणि मानसिक आजार आहे म्हणजे माणूस कायद्याच्या दृष्टीने विकल मनाचा आहे असंही धरता येत नाही. ते ठरवायचं तर न्यायालयाने. आरोग्यविम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच वागवायचं, हेही त्यातच आहे. डिप्रेशनची गोळी घेतली म्हणून कुणाची नोंदणी रद्द होत नाही. हे सगळं मी डॉक्टरांना सांगते तेव्हा बहुतेकांना ते नवं असतं. बलात्काराच्या केसचे कागद, गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याचे फॉर्म, ग्राहक कायदा तोंडपाठ असलेली ही माणसं, आणि स्वतःला संरक्षण देणारा कायदा मात्र त्यांनी उघडून पाहिलेला नसतो.

आता डॉक्टर आणि पेशंट यांच्यातल्या त्या सीमारेषेबद्दल. डॉक्टर शेवटी माझ्यासमोर येऊन बसतो तेव्हा अर्धा धोका टळलेला असतो आणि उरलेला तिथेच सुरू होतो. तो बोलायला लागतो ते केस प्रेझेंट केल्यासारखं: "लो मूड, अर्ली मॉर्निंग अवेकनिंग, सुसायडल आयडिएशन नाही." हे शेवटचं मी विचारायच्या आत सांगितलेलं. समोर बसलेल्या डॉक्टरलाही मोह होतो, की याला काय समजवायचं, याला सगळं माहीतच आहे. म्हणून भिडेपोटी दोन प्रश्न गाळले जातात, चहा मागवला जातो, औषध तोंडी सांगितलं जातं, आणि फॉलो-अप 'कधीही फोन करा' यावर सुटतो. कुठल्याही शेतमजुराला मी जो तासभर देते तो या माणसाला मिळत नाही. डॉक्टर असल्यामुळे त्याला जास्त मिळतं असा समज आहे. प्रत्यक्षात त्याला कमी मिळतं.

म्हणून माझ्याकडे डॉक्टर आला की केस पेपर निघतो, त्याच्या खऱ्या नावाचा, आणि तो माझ्याच कुलुपात राहतो. वेळ दुपारची, ओपीडी नसतानाची, हवं तर पन्नास किलोमीटरवरून व्हिडिओवर. केंद्र सरकारची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं २०२० मध्ये आल्यापासून हे फार सोपं झालं आहे, आणि तालुक्याच्या डॉक्टरांना त्याचा जेवढा उपयोग झाला तेवढा क्वचितच कुणाला झाला असेल. पहिल्या भेटीत मी त्याला वैद्यकाचे शब्द न वापरता बोलायला सांगते. "मूड लो आहे" नको, घरी काय होतं ते सांगा. एक फिजिशियन बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "मुलगी शाळेतून आली की मी बाथरूममध्ये जाऊन बसतो. तिच्याशी बोलायला शब्द नसतात." तिथून पुढे आम्हाला काम करता आलं. आत्महत्येबद्दल मी स्पष्ट विचारते, पुन्हा विचारते, आणि घरात, हॉस्पिटलमध्ये हाताशी काय काय आहे तेही विचारते. औषध लिहून देते. स्वतःसाठी प्रिस्क्रिप्शन लिहायचं नाही, डोस माझ्याशी बोलल्याशिवाय बदलायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरतं. आणि जोडीदाराला, ती व्यक्ती स्वतः डॉक्टर असली तरी, पेशंटच्या परवानगीने सगळं नीट समजावून सांगते.

आणि मी फी घेते. आमच्या व्यवसायात डॉक्टरकडून आणि त्याच्या घरच्यांकडून फी न घेण्याची जुनी रीत आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेतही अशी विनामूल्य सेवा करणं हा आनंद आणि बहुमान मानावा असं म्हटलेलं आहे. या रीतीमागची माया मला कळते, माझ्या बाळंतपणात मीही ती अनुभवली आहे. अपेंडिक्स काढायचं तर ती ठीक. पण डिप्रेशनला सहा महिने, वर्षभर यावं लागतं. फुकट तपासून घेणारा माणूस दुसऱ्या भेटीनंतर संकोचतो, तिसरी भेट पुढे ढकलतो, चौथ्या वेळी मिठाईचा पुडा पाठवतो आणि यायचं बंद करतो. फी दिली की त्याला रागावता येतं, औषधाने तोंड कोरडं पडतं म्हणून तक्रार करता येते, रडता येतं. सुरुवातीला काही जणांना माझा राग आला. टिकून राहिले ते बहुतेक फी देणारे.

एक कठीण बाब टाळून चालणार नाही. काही वेळा डॉक्टरचा आजार त्याच्या पेशंटच्या जिवावर येऊ शकतो. मॅनियात असलेला सर्जन, इंजेक्शनच्या आहारी गेलेला भूलतज्ज्ञ, भास होणारा कुणीही, यांनी त्या काळात काम थांबवलंच पाहिजे, आणि ते सांगणं उपचार करणाऱ्याचं कर्तव्य आहे. गोपनीयता म्हणजे पांघरूण नव्हे, हे मी पहिल्या भेटीतच बोलते. पण डिप्रेशन किंवा चिंतेचा आजार असलेल्या बहुसंख्य डॉक्टरांना काम सोडावं लागत नाही. रात्रपाळ्या काही आठवडे बंद, लिस्ट निम्मी, एवढ्यावर ते सावरतात. खरा धोका उपचार न घेणाऱ्याचा. जो चार महिने तीन तास झोपतो आहे आणि कुणाला सांगत नाही, त्याच्या हातून औषधाचं दशांश चिन्ह चुकण्याची शक्यता मला जास्त वाटते.

राज्याच्या पातळीवर माझी मागणी एकच आहे: डॉक्टरांसाठी एक वेगळी सेवा, जिचा मेडिकल कौन्सिलशी, विद्यापीठाशी आणि कॉलेजांशी काहीही संबंध नसेल. नागपूरच्या रेसिडेंटला कोल्हापूरच्या तज्ज्ञाने आणि कोल्हापूरच्याला नागपूरच्याने व्हिडिओवर तपासावं. त्याला फार मोठा खर्च येणार नाही. पण या सेवेच्या आडून कामाच्या तासांचा प्रश्न झाकला जाऊ नये. रेसिडेंटचं काम आठवड्याला ४८ तासांचं असावं, असं केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत लिहिलेलं आहे. २०२४ चं कृती दल जास्तीत जास्त ७४ तासांची आणि आठवड्याला एका सुट्टीची शिफारस करतं. बत्तीस वर्षांत आपण कुठून कुठे आलो हे या दोन आकड्यांत दिसतं, आणि वॉर्डात काम करणाऱ्याला ७४ हाही दिलासा वाटतो. जातीवरून, आरक्षणावरून टोमणे खात शिकणाऱ्या मुलाला समुपदेशनासाठी पाठवणं हाही त्याच्यावरचा दुसरा अन्याय आहे. तिथे टोमणे मारणाऱ्याला थांबवायचं असतं.

कॉलेजांना मात्र सरकारची वाट न पाहता करता येण्यासारखं पुष्कळ आहे. माझ्या माहितीतल्या एका विभागप्रमुखांनी सर्व रेसिडेंटना, आजारी असोत नसोत, आळीपाळीने आठवड्यातली एक दुपार मोकळी दिली. त्या दुपारी लायब्ररीत जा, झोपा, दातांच्या डॉक्टरकडे जा, कुठे गेलात हे विचारायचं नाही. सगळेच जात असल्याने कोण कशासाठी गेलं हे कळायचा प्रश्न उरला नाही. मृत्यू झाल्यावर त्या युनिटमध्ये कागद भरून झाले की सगळे दहा मिनिटं एकत्र बसतात, काय झालं ते बोलतात, आणि सर सगळ्यांच्या आधी स्वतः बोलतात. मी त्यांना विचारलं, अडचण काय आली? ते म्हणाले, त्या दुपारची ड्यूटी कोण करणार यावर पहिले दोन महिने रोज भांडणं झाली, मग एक लेक्चरर पुढे आला. आता तेच वेळापत्रक शेजारच्या विभागाने मागून नेलं आहे. त्यांच्या ड्यूटीरूमच्या दारामागे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावलेला आहे. दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, आणि आपण डॉक्टर आहोत हे सांगावं लागत नाही.